दर पावसाळ्यात गोल्फ क्लब गंजतात, घासले तरी पुन्हा गंजतात: आधी धातू ओळखा

तक्रार दरवर्षी तीच असते. आर्द्रा नक्षत्रात पाऊस धरतो, गोल्फच्या काठ्यांची, म्हणजे क्लबची, बॅग घराच्या कोपऱ्यात उभी राहते, आणि गणपतीच्या साफसफाईत ती उघडली की आयर्नच्या, म्हणजे पातळ पात्याच्या क्लबच्या, फेसवर (बॉलला लागणाऱ्या बाजूवर) तांबूस ठिपके दिसतात. मग कुणी पॉलिश पेपर मारतो, कुणी चिंच-मीठ लावून घासतो, कुणी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून बफिंग करून आणतो. दिवाळीपर्यंत ठिपके पुन्हा त्याच जागी हजर. "अण्णा, स्टील म्हणून तर घेतलंय की. स्टील गंजतंय व्हय?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की एकदा सविस्तर लिहून ठेवलेलं बरं.

मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये काम करतो आणि ओळखीच्या लोकांचे क्लब दुरुस्त करतो. कोल्हापुरात खेळणारे मोजकेच. बहुतेकांचा खेळ पुण्याला किंवा गोव्याला होतो आणि पावसाळ्यात सेट घरात पडून असतो. तो गंजतो तो या पडून असलेल्या काळातच. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंज वेगानं धरतो, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती बहुतेक वेळ त्याच्या बरीच वर असते. पण हवा सगळ्या क्लबना सारखीच असते. तरी एकाच बॅगेतली सात नंबरची आयर्न स्वच्छ राहते आणि शेजारचा वेज (जवळच्या, उंच फटक्याचा क्लब) लालभडक होतो, कारण दोन्हींचा धातू वेगळा. गंज परत येतो तो धातू न ओळखता सगळ्यांवर एकच उपाय केल्यामुळे.

चुंबकानं निम्मंच कळतं

भांड्याच्या दुकानात चुंबक लावून स्टील पारखायची आपल्याला सवय आहे. ३०४ जातीच्या स्टेनलेसला चुंबक जवळजवळ धरत नाही, म्हणून तिथं ती रीत बऱ्यापैकी चालते. क्लबच्या हेडला, म्हणजे टोकाच्या धातूच्या भागाला, मात्र ती फसवते. ओतीव आयर्नची हेड बहुतेक दोन जातींच्या स्टेनलेसमधून येतात: १७-४ पीएच आणि ४३१. पहिल्यात क्रोमियम साधारण १५ ते १७.५ टक्के, निकेल ३ ते ५ टक्के आणि तेवढंच तांबं असतं. दुसऱ्यात क्रोमियम जवळपास तितकंच, पण निकेल दीड-दोन टक्क्यांच्या आसपास. दोन्ही खरी स्टेनलेस आहेत आणि दोन्हींना चुंबक घट्ट चिकटतं. घडवलेल्या, म्हणजे फोर्ज्ड आयर्नचं पोलाद साधं असतं. १०२० किंवा १०२५ जातीचं, कार्बन पाव टक्क्याच्या आसपास, वरून निकेल-क्रोमचा मुलामा. त्यालाही चुंबक तितकंच चिकटतं. म्हणजे चुंबक चिकटलं एवढ्यावरून 'हे साधं लोखंड, दुकानदारानं फसवलं' असं ठरवू नका. यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

चुंबक चिकटलं नाही तर मात्र बरंच कळतं. मोठं, फुगीर आणि हाताला हलकं लागणारं ड्रायव्हरचं (सर्वांत लांब फटक्याच्या क्लबचं) हेड असेल तर ते बहुधा टायटॅनियमचं. ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम घातलेला हा मिश्रधातू घन सेंटिमीटरला सुमारे ४.४ ग्रॅम भरतो. पोलाद ७.८ भरतं. म्हणूनच नियमातल्या ४६० घन सेंटिमीटरच्या कमाल मर्यादेपर्यंत फुगवलेलं हेडसुद्धा २०० ग्रॅमच्या आसपास बसवता येतं. टायटॅनियमला गंज चढत नाही. त्यावर तपकिरी डाग दिसला तर तो बाहेरून आलेला, एक तर मातीचा, नाही तर शेजारच्या गंजक्या क्लबच्या पाण्याचा. ओल्या फडक्यानं जातो. तो काढायला ग्राइंडर लावायचा नाही. टायटॅनियमच्या ठिणग्या पोलादापेक्षा जास्त गरम असतात आणि जास्त वेळ पेटत्या राहतात. टायटॅनियमचा क्लब दगडावर घासून उडालेल्या ठिणग्यांनी वाळलं गवत पेटू शकतं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं आहे. आपल्याकडच्या माळावर, उन्हाळ्यात, जांभ्या दगडावर खेळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

चुंबक धरत नाही, हेड जड आहे, सेट लहान मुलांचा किंवा अगदी स्वस्तातला आहे, आणि त्यावर लाल गंजाऐवजी पांढरी भुकटी किंवा मुलाम्याखाली फोड दिसताहेत, तर ते जस्ताचं मिश्रण समजा. याला दुरुस्ती नाही. होझलपाशी, म्हणजे शाफ्ट (क्लबची दांडी) जिथं हेडमध्ये शिरतो त्या नळीपाशी, ते ठिसूळपणानं तुटतं. पांढरे फोड तिथं आले असतील तर तो क्लब मुलाच्या हातात देऊ नका.

आणि एक जपायची गोष्ट. जुन्या सेटमध्ये तांबूस रंगाची, चुंबक न धरणारी आयर्न सापडली तर तिला कानस, पॉलिश पेपर, बफ काहीही लावू नका. १९८०-९० च्या दशकांत बेरिलियम-कॉपरची हेड निघत होती. बेरिलियमची धूळ फुप्फुसात गेली तर कायमचा आजार जडू शकतो. वरचा काळपट-हिरवा थर तसाच राहू द्या आणि फक्त ओल्या फडक्यानं पुसा.

मोरचुदाची परीक्षा

चुंबक चिकटणाऱ्या हेडमध्ये स्टेनलेस कुठलं आणि साधं पोलाद कुठलं, हे ओळखायला आपल्या भागात हाताशी असलेली वस्तू म्हणजे मोरचूद. बोर्डो मिश्रणासाठी शेतकरी आणतात तेच, कृषी सेवा केंद्रात मिळतं. पाव लिटर पाण्यात चार ग्रॅम मोरचूद विरघळवा. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात, हातमोजे घालून. हेडची मागची, न दिसणारी जागा साबणानं धुऊन, तेलकटपणा काढून कोरडी करा. काडीला कापूस गुंडाळून एक थेंब ठेवा.

साधं पोलाद उघडं असेल तर थेंबाखाली काही क्षणांत गुलाबी-लालसर तांबं बसतं. धड स्टेनलेसवर काहीच होत नाही. मुलामा दिलेल्या हेडवरही काही होत नाही, पण मुलामा जिथं फुटलाय तिथं बारीक लाल टिंब उमटतं. परीक्षेचा खरा उपयोग इथं होतो, कारण डोळ्यांना न दिसणारी चीर ती दाखवते. थेंब पुसून जागा भरपूर पाण्यानं धुऊन लगेच वाळवायची. पोलादावर बसलेलं तांबं बारीक पितळी ब्रशनं काढून टाकायचं, नाही तर तेच पुढं गंज ओढतं. ४३१ जातीवर कधी कधी फिकट लाली येते, तेवढ्यावरून ते खोटं म्हणू नका. जस्ताच्या हेडवर थेंब काळा पडतो.

आता दिसणाऱ्या लक्षणांप्रमाणे बघू.

स्टेनलेसवर चहासारखे फिके डाग

थेंबानं सिद्ध केलं की हेड स्टेनलेस आहे, तरी त्यावर पिवळट-तपकिरी डाग येतात आणि नखानं खरवडले तर निघतात. हा गंज हेडचा नाही, हेडवर बसलेल्या लोखंडाच्या कणांचा आहे. कण येतात कुठून? बहुतेक वेळा तुम्हीच लावलेल्या लोखंडी वायर ब्रशातून किंवा भांडी घासायच्या तारेतून. घासताना त्या तारेचे अतिसूक्ष्म कण स्टेनलेसवर घासले जाऊन रुततात, आठवड्यात गंजतात, तुम्ही पुन्हा त्याच तारेनं घासता. डाग परत परत येतो त्याचं कारण हे.

कोल्हापुरात दुसरंही एक कारण आहे, ते बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्या शहराभोवती फौंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, जिथं फेटलिंग (ओतीव मालाच्या कडा साफ करणं) आणि ग्राइंडिंग चालतं तिथल्या हवेत लोखंडाची बारीक धूळ असते. कारखान्याच्या आवारात उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाडीच्या टपावर पावसाळ्यात नारिंगी ठिपके येतात ना, ते याच धुळीचे. बरेच खेळाडू उद्योजक आहेत आणि त्यांचा सेट कारखान्यातल्या केबिनमध्ये असतो. केबिनचं दार फेटलिंगच्या बाजूला उघडत असेल तर घासण्याचा काही दोष नसतानाही हेडवर डाग येतील. सेट घरी न्या, डाग थांबतील.

आलेले डाग काढायला लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, उत्तम. स्टेनलेसवरचं मोकळं लोखंड काढून त्याचा संरक्षक थर पुन्हा बसू देण्याची ही उद्योगातलीच रीत आहे, पॅसिव्हेशन म्हणतात. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या ए९६७ मानकात ४ ते १० टक्के द्रावण, २१ ते ४९ अंश तापमान आणि किमान २० मिनिटं असा एक प्रकार दिलाय, तो घरी सहज जमतो. लिटरभर कोमट पाण्यात ६०-७० ग्रॅम लिंबूसत्व घ्या. हेड आधी साबणानं आणि नायलॉनच्या ब्रशानं स्वच्छ करा, खाचांतली माती काढा, मग फक्त फेस आणि सोल (हेडचा तळ) बुडेल इतकं उभं ठेवा. होझलचं तोंड आणि काळी प्लॅस्टिकची फेरूल (होझलच्या तोंडावरचं कडं) पाण्याबाहेर राहू द्या. अर्ध्या तासानं काढून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि पूर्ण कोरडं करा. उकळतं द्रावण वापरू नका, उष्णता होझलमधल्या चिकटवणापर्यंत पोचते.

चिंच-मीठ बंद करा. चिंचेतलं आम्ल एक वेळ चालेल, पण मिठातलं क्लोराइड स्टेनलेसचा संरक्षक थर ठिकठिकाणी भेदतं आणि तिथं टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. संडास साफ करायचं आम्ल आणि कपड्यांचं ब्लीच यांचाही दोष तोच. गोव्याहून आलेला सेट गोड्या पाण्यानं न धुता बॅगेत ठेवला तरी हेच होतं, फक्त सावकाश. मैदानावर टाकलेल्या खतांतही क्लोराइड आणि अमोनियाचे क्षार असतात, म्हणून खेळून आल्यावर नुसतं पुसणं पुरत नाही, धुवायला हवं.

मुलामा दिलेल्या फोर्ज्ड आयर्नवर काळपट-लाल ठिपके

इथं गोष्ट गंभीर आहे, कारण खालचं पोलाद खरोखर गंजतंय. चकचकीत दिसणारा क्रोमचा थर असतो जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉन. खरं रक्षण करतो त्याच्या खालचा निकेलचा थर, तो दहा-वीस मायक्रॉनचा. फेसच्या मध्यावर वाळू आणि बॉल घासून हा मुलामा झिजतो, खाचांच्या कडेला तो मुळातच पातळ बसलेला असतो, आणि दगड लागला की सोलवर फुटतो. एकदा ओल आत शिरली की गंज मुलाम्याच्या खालून सरकतो. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, खाली वाटाण्याएवढी जागा पोखरलेली असते. मग फोड येतो, तो उचकटला की पापुद्रा निघतो. त्याची कड ब्लेडसारखी धारदार असते, बोट फिरवून बघू नका.

ठिपके बारीक असतील तर स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असल्यानं मुलाम्यावर ओरखडा येत नाही आणि वरचा गंज निघतो. पॉलिश पेपरनं उरलासुरला मुलामाही जातो. त्याशिवाय खाचांच्या कडा बदलतात, आणि स्पर्धेत खेळत असाल तर मुद्दाम घासून बदललेला फेस नियमात बसत नाही. गंज काढल्यावर ती जागा हेअर ड्रायरनं गरम करून कोरडी करा आणि तेलाचा हात फिरवा. चिरेतलं पाणी आतच राहिलं आणि वरून तेल लावलं तर आठ दिवसांत ठिपका परत येतो. लोकांचं इथंच चुकतं.

'हार्ड क्रोम मारून घेऊ का?' हे हमखास विचारलं जातं, कारण उद्यमनगरात पिस्टन रॉडला हार्ड क्रोम करून देणारे आहेत. माझं स्पष्ट मत: करू नका. दिखाऊ क्रोम आणि हार्ड क्रोम ही दोन वेगळी कामं आहेत. हार्ड क्रोमचा थर २५ मायक्रॉनचा धरला आणि आयर्नच्या हेडचं क्षेत्रफळ अंदाजे दीडशे चौरस सेंटिमीटर धरलं, तर हेडचं वजन अडीच-तीन ग्रॅमनं वाढतं. हेडला साधारण दोन ग्रॅम वाढले की स्विंगवेट (फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप) एका अंकानं बदलतं, म्हणजे ही वाढ हाताला जाणवू शकते. थर खाचांत सारखा बसत नाही, कडांवर जास्त साचतो. आणि आधी जुना गंज पूर्ण काढला नसेल तर नव्या मुलाम्याखाली तो पुन्हा चालू होतो. क्रोमच्या टाकीचं काम घरी करण्याचा विचारही नको, त्यातलं क्रोमियम विषारी आहे.

मुलामा फारच गेला असेल तर मी त्या आयर्नला कच्च्या पोलादाची आयर्न समजून वागवायला सांगतो: प्रत्येक वापरानंतर पुसणं, वाळवणं, तेल. वेजमध्ये तर मुद्दाम मुलामा न देता विकलेले प्रकार मिळतात, ऊन चमकू नये आणि स्पर्श मऊ लागावा म्हणून. त्यांच्यावरचा एकसारखा तपकिरी थर हा बिघाड नाही. गंजामुळे बॉल जास्त फिरतो असं कुणी सांगेल, त्यावर विसंबून फेस गंजवू नका. थर खवल्यांसारखा सुटायला लागला तरच पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तास-दोन तास बुडवून, पितळी ब्रश मारून, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन तेल लावा. काळ्या रंगाच्या वेजला मात्र व्हिनेगर लावायचं नाही, काळा थर तासाभरात धुऊन जाऊ शकतो.

हेड स्वच्छ, पण शाफ्ट आतून खुळखुळतो

सगळ्यात दुर्लक्षित जागा ही. बॅगेत क्लब हेड वर आणि ग्रिप (हातात धरायची मूठ) खाली असे उभे असतात. ग्रिपच्या टोकाला एक बारीक भोक असतं, ग्रिप चढवताना हवा निघायला ठेवलेलं. पावसात भिजलेल्या बॅगेच्या तळाशी पाणी साठतं आणि ते भोक नेमकं त्या पाण्यात बुडतं. स्टीलच्या शाफ्टला बाहेरून निकेल-क्रोम असतं, आतून बहुतेक उघडं पोलाद. भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. तिथं आतून गंज लागला तर बाहेरून महिनोन्‌महिने काही दिसत नाही.

ओळखायचं असं. क्लब उलटा करून ग्रिपचं भोक पांढऱ्या कागदावर धरा आणि शाफ्टवर टिचक्या मारा. लालसर भुकटी किंवा तपकिरी पाण्याचा थेंब पडला तर ग्रिप कापून काढा. ग्रिपखालची चिकटपट्टी सोलली की शाफ्टचं वरचं टोक दिसतं. तिथं बाहेरूनही तांबेरा असेल तर बॅगेत पाणी होतंच. नुसता कोरडा खुळखुळाट असेल आणि भुकटी लाल नसेल, तर तो चिकटवणाचा सुटलेला तुकडा असू शकतो. त्यानं धोका नाही, फक्त आवाज त्रास देतो.

आत गंज वरवरचा असेल तर लांब गजाला चिंधी गुंडाळून आतून पुसून काढा, शाफ्ट उन्हात उलटा टांगा, मग पाणी हटवणारं गंजरोधक तेल आत सोडून निथळू द्या. शॉपमध्ये जॉबवर मारतो तेच. ग्रिपची जागा मात्र तेलापासून कोरडी ठेवा, पट्टी चिकटणार नाही. शाफ्टची जाडी जिथं टप्प्यानं बदलते त्या पायरीपाशी किंवा होझलच्या वर बाहेरून खड्डा दिसला, तर तो शाफ्ट बाद. जोरात फिरवताना तो तिथंच मोडतो आणि तुटलेली नळी भाल्यासारखी लागते.

ग्रॅफाइटचा शाफ्ट गंजत नाही, पण ग्रॅफाइटवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. कार्बन तंतू आणि धातू ओल्या जागी एकमेकांना टेकले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि झीज धातूची होते. हेडचा कोन बदलता येणाऱ्या ड्रायव्हरमध्ये अॅल्युमिनियमची बाही असते, तिच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर स्क्रू काढून बाही बाहेर घ्या, पुसा, वाळवा आणि मगच बसवा. पूर्ण पावसाळा ती घट्ट आवळून ठेवली की सुटताना छळते.

हेड हलतंय, फटक्याला टक्‌ आवाज येतो

फेरूल आणि होझल यांच्या जोडावरून, दोन्हींवर येईल अशी, पेन्सिलीनं एक सरळ उभी रेघ ओढून ठेवा. पुढच्या सरावानंतर रेघ तुटलेली दिसली, किंवा फेरूल वर सरकून केसाएवढी फट पडली, तर चिकटवण सुटलंय. त्या क्षणापासून तो क्लब वापरायचा नाही. सुटलेलं हेड समोरच्याच्या कपाळाच्या उंचीवरून जातं.

कारणं दोन, आणि आपल्याकडे ती एकमेकांच्या पाठोपाठ येतात. मे महिन्यात सेट गाडीच्या डिकीत राहतो. कोल्हापूर-पुणे जाऊन-येऊन, भर उन्हात पार्किंग. डिकी ६० अंशांच्या वर जाऊ शकते आणि त्या तापमानाला बरीच इपॉक्सी मऊ पडतात. जूनमध्ये त्याच ढिल्या झालेल्या जोडात ओल शिरते, होझलच्या आत साधं पोलाद असेल तर गंज धरतो, फुगतो आणि उरलेली पकड सोडवतो.

पुन्हा चिकटवताना पाच मिनिटांत सुकणारं चिकटवण वापरलं तर तीच तक्रार पुढच्या वर्षी येणार. ते ओलीत आणि हादऱ्यात टिकत नाही. हळू सुकणारं, धातूसाठीचं दोन भागांचं इपॉक्सी घ्या. हीट गननं होझल तापवलं की साधारण १२० ते १५० अंशांत जुनं चिकटवण सुटतं. स्टीलचा शाफ्ट पिळून काढला तर चालतो. ग्रॅफाइटचा पिळायचा नाही, सरळ ओढायचा, आणि उष्णता जपून, कारण थोडं जास्त झालं की शाफ्टमधलं रेझिनच करपतं. होझल आतून गोल ब्रशनं घासून लखलखीत करा, गंजाचा कणही नको. शाफ्टच्या टोकाचा जेवढा भाग आत जातो, साधारण ३० मिलिमीटर, त्यावरचा क्रोम पॉलिश पेपरनं उतरवा, कारण चकचकीत क्रोमवर इपॉक्सी धरत नाही. दोन्ही भाग अॅसिटोननं पुसा, नंतर बोट लावू नका. भर पावसाच्या दिवशी हे काम करायचंच असेल तर भाग आधी कोमट करून ओल उडवा. चोवीस तास हात लावायचा नाही.

पुरात बुडालेला सेट

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, नागाळा पार्कपर्यंत आलं, तेव्हा तळमजल्यावरच्या बॅगाही बुडाल्या. पुराच्या पाण्यात बारीक गाळ असतो, तो ग्रिपच्या भोकातून शाफ्टमध्ये आणि होझलच्या फटीत जाऊन बसतो आणि ओल धरून ठेवतो. असा सेट वरून पुसून ठेवला तर वर्षभर गंज काढत बसावं लागतं. ग्रिप सगळ्या काढायच्याच. शाफ्टमधून स्वच्छ पाणी सोडून गाळ धुवायचा, उलटे टांगून वाळवायचे, मग तेल. बॅग आणि हेडकव्हर वाचवायच्या नादात पडू नका, त्यांच्या अस्तरातली ओल क्लबना पुन्हा नासवते. लाकडी हेडचे जुने ड्रायव्हर असतील तर ते उन्हात ठेवायचे नाहीत, तडकतात. सावलीत, वाऱ्यावर, आठवडाभर.

ठेवायचं कसं

पावसाळ्यापुरते क्लब बॅगेतून बाहेर काढा. हेडकव्हर काढा. ओलं कव्हर स्टेनलेसलाही घातक, कारण हवा न पोचणाऱ्या ओल्या फटीत त्याचा संरक्षक थर दुरुस्त होत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणं तर सगळ्यात वाईट, आत अडकलेली ओल रात्री थंडाव्यानं हेडवरच थेंब होऊन बसते.

आपल्या शहरात याचं सगळ्यात चांगलं साधन प्रत्येक मशीन शॉपमध्ये पडलेलं असतं आणि खेळाडूंना त्याची कल्पना नसते: व्हीसीआय कागद आणि पिशव्या. मशीनिंग झालेला जॉब परदेशी पाठवताना आपण त्यातच बांधतो. त्यातून निघणारी वाफ लोखंडाच्या पृष्ठभागावर पातळ थर धरते आणि गंज रोखते. हेड धुऊन, वाळवून, हेडभोवती व्हीसीआय कागद गुंडाळा आणि वरून व्हीसीआयचीच पिशवी बांधा. साध्या पिशवीला जो नियम, तो हिला नाही, पण आत जाणारं हेड मात्र पूर्ण कोरडं हवं. कच्च्या पोलादाचे वेज आणि मुलामा फुटलेल्या आयर्नना आधी तेलाचा पातळ हात द्या. टायटॅनियम आणि ग्रॅफाइटला यातलं काही लागत नाही. क्लब आडवे, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा, पश्चिमेच्या भिंतीला टेकवून नको, पावसाचा मारा त्याच भिंतीवर असतो. कागदाचा असर कायम टिकत नाही, दरवर्षी नवा घ्या. आणि श्रावणात एकदा, ऊन पडलेल्या दिवशी, सगळं उघडून बघा. ठिपका त्या वेळी सापडला तर फॉइलच्या बोळ्यानं दोन मिनिटांत निघतो, दसऱ्याला सापडला तर मुलाम्याखाली गेलेला असतो.

खेळायच्या आधी फेसवरचं तेल साबणानं धुऊन टाकायला विसरू नका. तेल राहिलं तर बॉल फेसवरून घसरतो, आणि लोक तो दोष स्विंगला देत बसतात.